दहा बाय बाराच्या वर्कशॉपमधली बारीक धूळ: आधी नळी, मग हवेची वाट, मग पंखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रो-हाउसच्या मागच्या बाजूला १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली. एका भिंतीत खिडकी आणि तिच्याच वर ९ इंची एक्झॉस्ट पंखा. दार घरात, स्वयंपाकघराकडे उघडतं. सुट्टीच्या दिवशी प्लायवूड आणि एमडीएफचं काम चालतं; हत्यारं म्हणजे मार्बल कटर, ट्रिमर (कडा आणि खाचा काढणारं हातातलं यंत्र) आणि ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपर गोल फिरवून घासणारं यंत्र). घरात एक वेट-अँड-ड्राय व्हॅक्यूम आहे, पण तो नंतर झाडलोट करायला वापरला जातो. पंखा चालू असूनही सँडिंगनंतर दोन तास धूळ तरंगते आणि ओट्यावर थर बसतो. तर १२ इंची पंखा बसवावा, की एअर प्युरिफायर घ्यावा?

दोन्ही नंतर. आधी सँडरला तोच व्हॅक्यूम जोडा, आणि पंख्याला लागणारी हवा खोलीच्या दुसऱ्या टोकाने आत येईल अशी वाट करा. ही दोन कामं झाली नाहीत तर १२ इंची पंखाही आताच्या पंख्यासारखाच वागेल, आवाज तेवढा वाढेल.

कोणती धूळ त्रास देते

जमिनीवर साठणारा भुसा दिसायला वाईट असला तरी तो जड असतो, खाली पडतो आणि उचलता येतो. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटर उंचीवरून साधारण आठ मिनिटांत खाली येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तासांच्या आसपास लागतात, एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. त्यात खोलीतली हवा कधीच स्थिर नसते. माणूस चालला तरी ढवळली जाते. म्हणजे तुमचे दोन तास हिशेबात बसतात, पण दोन तासांनी दिसेनाशी झालेली धूळ संपलेली नसते. सगळ्यात बारीक वाटा डोळ्याला दिसतच नाही.

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलं. इंग्लंडमध्ये हाय विकम्ब भागातल्या फर्निचर कारागिरांत नाकाच्या आतल्या पोकळीचा एक एरवी दुर्मिळ कर्करोग वारंवार दिसतो, हे १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची आठ तासांची मर्यादा २०२० पासून घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे, आधी ती ५ होती. आठवड्यातून एक दिवस काम करणाऱ्याला कारखान्यातल्या कामगाराइतका धोका नाही. पण छोट्या बंद खोलीत नळीशिवाय एमडीएफ घासलं तर तेवढ्या वेळापुरता हा आकडा ओलांडणं अवघड नाही. एमडीएफमध्ये तंतू मुळातच बारीक असतात आणि ते बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनने बांधलेले असतात, म्हणून त्याची धूळ लाकडाच्या धुळीपेक्षा जास्त बोचते. सागवान आणि शिसमाच्या धुळीने काहींना त्वचेवर पुरळ येतं किंवा दम लागतो. अशी ॲलर्जी एकदा बसली की सहसा कमी होत नाही, पुढच्या वेळी कमी धुळीतही उठते.

नळी: कुठे व्हॅक्यूम, कुठे डस्ट कलेक्टर

इथे सर्वांत जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा सविस्तर.

व्हॅक्यूममध्ये ओढ जास्त आणि हवा कमी असते. १८ ते २२ किलोपास्कल ओढ आणि नळीच्या टोकाशी तासाला साधारण १०० ते १५० घनमीटर हवा. म्हणून ३२ किंवा ३५ मिमीच्या अरुंद नळीतूनही तो धूळ खेचू शकतो. सँडर, ट्रिमर, जिगसॉ, हातातली सर्क्युलर सॉ यांना हाच लागतो.

डस्ट कलेक्टरचं उलटं. ओढ एक-दोन किलोपास्कल, पण हवा भरपूर. १०० मिमीच्या नळीत हवा सेकंदाला २० मीटर वेगाने गेली तर तासाला सुमारे ५६५ घनमीटर, म्हणजे ३३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) होतात. हा २० मीटरचा वेग लक्षात ठेवा. त्याच्या खाली गेलात तर लाकडाचा भुसा नळीत तरंगत न जाता तळाशी बसू लागतो. टेबल सॉ, थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र), बँड सॉ यांना असा कलेक्टर लागतो. त्याच्या १०० मिमी नळीला रिड्युसर लावून ती सँडरच्या ३५ मिमी तोंडाला जोडली की काहीच ओढलं जात नाही, कारण अरुंद तोंडातून हवा खेचायला लागणारी ओढ या यंत्रात नसतेच. आणि व्हॅक्यूम थिकनेसरला लावला तर ढलप्यांनी नळी पाच मिनिटांत चोंदते.

तुमच्या यादीत टेबल सॉ नाही. तेव्हा डस्ट कलेक्टर आत्ता घेऊ नका.

दुसरी गफलत म्हणजे नळी 'जवळ धरणं'. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली जात नाही. मेणबत्ती फूटभरावरून फुंकून विझते, ओढून विझवून बघा. उघड्या नळीच्या तोंडापासून नळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या सात-आठ टक्केच उरतो. वर सांगितलेली १०० मिमीची नळी २० मीटर वेगाने ओढत असली तरी एका फुटावर तो वेग सेकंदाला जेमतेम ०.१७ मीटर असतो. छताचा पंखा त्याहून कितीतरी जोरात हवा ढवळतो. म्हणून नळी हत्यारालाच जोडलेली हवी, किंवा धूळ उडते तिथून चार बोटांच्या आत.

सँडरपासून सुरुवात करा, कारण सर्वांत बारीक धूळ तोच करतो. त्याच्यासोबत येणारी कापडी पिशवी काढून ठेवा. तिच्यातून दाणे अडतात आणि बारीक धूळ बाहेर फवारली जाते. सँडरचं तोंड आणि नळीचं टोक यांच्या मापात दोन-चार मिलिमीटरचा फरक हमखास असतो. बाजारातला अडॅप्टर बसला तर उत्तम, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तीन इंची तुकडा दोन्हींवर चढवून वर होज क्लिप आवळा. टेप लावू नका, तासाभरात ती गरम होऊन सुटते. १२५ मिमीच्या पॅडवर पॉलिश पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर नेमकी बसली पाहिजेत; अर्धी झाकली गेली तरी ओढ निम्म्यावर येते. जाळीचा सँडिंग पेपर मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही. नळी जोडल्यावर पेपरही जास्त टिकतो, कारण तो धुळीने भरत नाही. एक बिघाड मात्र अपेक्षित ठेवा: ओढ फार झाली की सँडर पृष्ठभागाला चिकटतो, उड्या मारतो आणि लाकडावर गोल चरे पाडतो. व्हॅक्यूमवर वेग कमी करायचं बटण असेल तर ते वापरा, नसेल तर नळीच्या मुठीजवळची हवा सोडायची खिडकी थोडी उघडा.

ट्रिमरला पारदर्शक प्लास्टिकचं धुळीचं तोंड मिळतं. कडेला रूंद रिबेट (पायरीसारखी खाच) मारताना ते फार तर अर्धी धूळ पकडतं, आतल्या खाचेत बरंच चांगलं काम करतं.

मार्बल कटर हा खरा डोकेदुखीचा भाग. आपल्याकडे मिस्त्री त्यावर लाकडाचं पातं चढवून प्लाय कापतात. ते यंत्र दगडासाठी बनलेलं आहे, त्याला धुळीचं तोंडच नाही, आणि त्याचा वेग लाकडाच्या ११० मिमी पात्यासाठी फार जास्त आहे. त्याला घरगुती झाकण लावण्याचा खटाटोप करण्यापेक्षा धुळीचं तोंड असलेली हातातली सर्क्युलर सॉ घ्या. ते होईपर्यंत ८ बाय ४ च्या शीटचे मोठे काप खोलीबाहेर, अंगणात किंवा गच्चीवर, खाली जाड थर्माकोल टाकून, आणि वाऱ्याला पाठ न देता बाजूला घेऊन करा. आत फक्त लहान कापकाम ठेवा.

बादली आणि फिल्टर

व्हॅक्यूमच्या आधी २० लिटरच्या रंगाच्या बादलीवर बसणारा छोटा सायक्लोन (हवा गोल फिरवून जड भुसा खाली पाडणारं नरसाळं) जोडला तर ९० टक्क्यांहून जास्त भुसा वजनाने बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर भरत नाही. पण सायक्लोन बारीक धूळ थांबवत नाही. ती फिल्टरलाच थांबवावी लागते. सायक्लोन काम करत नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा झाकण गळत असतं. झाकणातून हवा आत आली की ती बादलीतून वर उसळते आणि पडलेली धूळ परत उचलून नेते. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी बसवा, सायक्लोन आणि झाकण यांच्यामध्ये सिलिकॉन सीलंट भरा. नळी चोंदली की पातळ बादली आत पिचकते; मजबूत, जाड बादली निवडा. बादली दोन तृतीयांश भरली की रिकामी करा.

व्हॅक्यूमच्या आत फ्लीसची (न विणलेल्या कृत्रिम कापडाची) पिशवी आणि त्यामागे हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, ही जोडी ठेवा. कागदी पिशवी स्वस्त पडते, पण बारीक धूळ तिच्यातून निसटते आणि हेपा लवकर भरतो. खोक्यावर 'हेपा' लिहिलेलं पुरेसं नाही, फिल्टरच्या कडेचं रबर बसतं का ते बघा. कडेने गळणारा हेपा साध्या स्पंजइतकाच. युरोपीय मानकात व्हॅक्यूमला एल, एम, एच असे वर्ग असतात. एल वर्गात १ टक्का, एम मध्ये ०.१ टक्का आणि एच मध्ये ०.००५ टक्के धूळ निसटलेली चालते. लाकडासाठी एम सुचवला जातो. तसा व्हॅक्यूम महाग असतो. फ्लीस आणि नीट बसलेला हेपा मिळून घरगुती कामाला चालतं.

डस्ट कलेक्टर पुढे कधी घेतलात तर सोबत आलेली कापडी पिशवी बदलूनच वापरा. स्वस्त यंत्रांच्या पिशव्या बहुधा ३० मायक्रॉनच्या आसपासच्या असतात, म्हणजे जी धूळ पकडायची तीच त्या डोळ्यांच्या उंचीवर हवेत सोडतात. एक मायक्रॉनची प्लीटेड कॅनिस्टर (घड्यांचा डब्यासारखा फिल्टर) लावा. या यंत्राला लवचिक नळी जमेल तेवढी कमी ठेवा. आतून पन्हाळीदार नळी तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपच्या तिप्पट अडथळा करू शकते. ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप चालतो, वळणाला एका ९० अंशाऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड घ्या, फाटा 'टी' ऐवजी 'वाय'ने काढा. दहा बाय बाराच्या खोलीत तर पाइपलाइनची गरजच नाही; यंत्र चाकांवर ठेवून नळी हलवा.

सँडिंगसाठी खाली ओढणारं टेबल

लहान तुकडे हाताने घासायचे असतील तर हे करण्यासारखं आहे, पण ते डस्ट कलेक्टरवरच चालतं, व्हॅक्यूमवर नाही. १२ मिमी प्लायची ६०० बाय ४५० मिमीची पेटी करा, तळ मागच्या बाजूला उतरता, आणि सर्वांत खोल ठिकाणी १०० मिमीचं तोंड. वरच्या फळीत २५ मिमी अंतराने ७ मिमीची भोकं पाडा. ४३० च्या आसपास भोकं होतील आणि त्यांचं मिळून क्षेत्र १६६ चौरस सेंटीमीटर. कलेक्टरने तासाला साडेचारशे घनमीटर ओढले तर पूर्ण टेबलावर खाली जाणाऱ्या हवेचा सरासरी वेग सेकंदाला ०.४६ मीटर येतो. हा कमी आहे. म्हणून कामाच्या तुकड्याभोवतीची अर्धी भोकं जुन्या सनमायक्याच्या पट्टीने झाका. वेग दुप्पट होतो आणि काम भागतं. मागे आणि दोन्ही बाजूंना २०० मिमी उंचीच्या पाट्या उभ्या करा. त्या नसतील तर सँडरच्या स्वतःच्या पंख्याने उडालेली धूळ टेबलाबाहेर निघून जाते.

पंखा: आता कुठे त्याचा नंबर

तुमचा पंखा खिडकीच्या वर आहे. खिडकी उघडी ठेवून तो लावला की खिडकीतून आलेली ताजी हवा सरळ वर जाऊन पंख्यातून बाहेर पडते. मधल्या खोलीतली हवा जागेवरच राहते. आणि खोलीत दाब कमी होत नसल्यामुळे स्वयंपाकघराचं दार उघडलं की धूळ मोकळेपणाने तिकडे जाते. ओट्यावरच्या थराचं कारण हेच. खिडकी बंद करून दुसरीकडे वाट दिली नाही, तर पंखा नुसता फिरतो. अशा साध्या पात्यांच्या, म्हणजे प्रॉपेलर पंख्याला थोडाही अडथळा सहन होत नाही, त्याचा प्रवाह कोसळतो.

म्हणून हवा आत येण्याची जागा समोरच्या किंवा कोपऱ्यापलीकडच्या भिंतीत करा. १२ इंची, म्हणजे ३०० मिमी पंख्याच्या तोंडाचं क्षेत्र सुमारे ०.०७ चौरस मीटर. आत येणारी जागा त्याच्या दुप्पट ठेवा: १२ बाय १८ इंच. डासांसाठी जाळी लावणार असाल तर १८ बाय १८ करा, कारण जाळीच्या तारा मोकळ्या जागेचा मोठा हिस्सा खातात आणि धूळ बसली की उरलेलाही. बाहेरची दुसरी भिंत नसेल तर दाराच्या खालच्या भागात लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचा झरोका) बसवा. त्याने घरातून हवा वर्कशॉपकडे ओढली जाते आणि उलट दिशेने धूळ जात नाही, हा फायदा आहे.

पण त्याआधी एक गोष्ट बघा. त्या बाजूला गॅस गीझर आहे का? मोठा एक्झॉस्ट चालू असताना घरात कमी दाब तयार होतो आणि गीझरचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइडसह, बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जातो. गॅस गीझर असेल तर दारातल्या लूव्हरचा विचार सोडा, बाहेरच्या भिंतीतच जागा काढा आणि दाराच्या कडेला ब्रशची पट्टी लावा. वर्कशॉपचा पंखा आणि गीझर एकाच वेळी चालवू नका, हा घरातला नियम ठेवा.

आकार ठरवण्याचा हिशेब सोपा आहे. खोलीचं आकारमान १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर तासाला घनमीटर लिहिलेले असतात. शटर, जाळी आणि वारा धरून त्याचा निम्माच प्रत्यक्षात मिळेल असं समजा. समजा आकडा दीड हजार आहे, तर ७५० मिळतील, म्हणजे तासाला २२ वेळा हवा बदलेल. हवा एकदा बदलली की धूळ ३७ टक्क्यांवर येते, दोनदा १४, तीनदा ५. हे पूर्ण मिसळण्याचं गणित आहे. कपाटं, कोपरे धरून तिप्पट वेळ धरा. म्हणजे काम थांबल्यावर पंखा आणखी अर्धा तास चालू ठेवला की पुरतं. ९ इंचीवर याच हिशेबाने जास्त वेळ लागेल, पण वाट नीट केल्यावर तोही चालेल. १२ इंची घ्यायचाच तर ९०० आरपीएमचा घ्या, १४०० चा नको; त्याचा आवाज इतका असतो की तुम्ही तो बंद करून काम कराल.

उभं राहण्याची जागा आकाराइतकीच महत्त्वाची आहे. हवा पाठीमागून येऊन तुमच्यावरून पंख्याकडे जाते आहे, असं उभं राहणं चांगलं वाटतं. प्रत्यक्षात शरीराच्या पुढे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो हातातली धूळ तोंडाकडे आणतो. हवा डावीकडून उजवीकडे किंवा उलट, तुमच्या समोरून आडवी जाईल असं टेबल ठेवा, आणि ते पंख्याच्या जितकं जवळ तितकं बरं. शक्य असेल तर पंखा छताजवळ न लावता टेबलापेक्षा थोडा वर लावा; छताजवळचा पंखा गरम हवेसाठी असतो.

उदबत्तीने सगळं तपासता येतं. पंखा चालू, खिडकी बंद. दाराच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर वर्कशॉपमध्ये गेला पाहिजे. मग टेबलावर धरा, धूर तोंडाकडे न येता पंख्याकडे वळला पाहिजे. वळत नसेल तर पंखा बदलण्याआधी टेबल सरकवून बघा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीत लावलेला पंखा जून ते सप्टेंबर वाऱ्याशी झगडतो आणि पाणीही आत घेतो. पर्याय नसेल तर खाली तोंड असलेला पत्र्याचा काउल (टोपण) लावा. बाहेरचं ग्रॅव्हिटी शटर (पंखा बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या) धूळ आणि दमट हवेने चिकटतं, महिन्याकाठी पुसा. पंख्यापुढे बारीक फिल्टर लावून शेजाऱ्यांना वाचवण्याचा मोह होईल. तो लावला की प्रवाह जवळजवळ थांबतो. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ जाऊ नये याचा उपाय सँडरच्या नळीवरच आहे.

छताचा पंखा सँडिंग करताना बंद. उन्हाळ्यात हवा हवीच असेल तर टेबल फॅन हवा आत येण्याच्या जागेशी, एक्झॉस्टच्या दिशेने, मंद वेगावर ठेवा. वर्कशॉपमध्ये स्प्लिट एसी लावू नका. त्याची कॉइल धुळीने आणि दमटपणाने लगद्यासारखी भरते, आणि तो हवा बदलत नाही, तीच फिरवतो.

उरलेल्यासाठी फिल्टरची पेटी

हिवाळ्यात, बाहेरचीच हवा खराब असताना, किंवा मुसळधार पावसात एक्झॉस्ट लावणं नको वाटतं. तेव्हा खोलीतच हवा गाळणारं काहीतरी उपयोगी पडतं. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने एक सोपी पेटी प्रसिद्ध झाली: चार बाजूंना प्लीटेड फिल्टर, वर पंखा, हवा फिल्टरमधून आत आणि वरून बाहेर. आपल्याकडे बॉक्स फॅन सहज मिळत नाही, म्हणून ३०० मिमीचा एक्झॉस्ट पंखाच प्लायच्या झाकणात, वरच्या दिशेने हवा फेकेल असा बसवा. एअर हँडलिंग युनिटचे दोन फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीचे एफ७ दर्जाचे (बारीक धूळ गाळणारे) फिल्टर वातानुकूलनाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. चार लावा. दोनच लावले तर पंखा ओढू शकत नाही. फिल्टरवरचा बाण आतल्या दिशेने हवा. जोडांना कापडी टेप. इथे हेपा वापरू नका, प्रॉपेलर पंख्याच्या आवाक्याबाहेरचं काम आहे ते. अशी पेटी दोन बाय दोन फूट जागा खाते, ते मान्य करून कोपऱ्यात ठेवा.

एअर प्युरिफायर घ्यायचाच असेल तर ३४ घनमीटरच्या खोलीत तासाला दहा वेळा हवा गाळायला तासाला ३४० घनमीटर सीएडीआर (यंत्र किती गाळलेली हवा देतं त्याचा आकडा) लागतो. पण हत्याराला नळी नसताना तो ठेवला तर महाग फिल्टर काही दिवसांत भरेल.

पीएम २.५ मोजणारं छोटं यंत्र घेऊन त्यावर सगळं ठरवू नका. स्वस्त लेझर सेन्सर बारीक कणांची चढउतार चांगली दाखवतात, पण लाकडाच्या धुळीच्या वजनाचा बराच भाग अडीच मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांत असतो आणि तो त्यांना नीट दिसत नाही; स्क्रीनवरचा पीएम १० चा आकडा बराचसा अंदाज असतो. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की हेच सेन्सर आकडा फुगवून सांगतात. त्याचा उपयोग तुलनेसाठी करा: नळी लावून आणि न लावता पाच-पाच मिनिटं सँडिंग. दिवे मालवून टॉर्चचा झोत आडवा टाकला तरी तेवढंच कळतं.

मास्क आणि साफसफाई

वरचं सगळं केल्यावरही सँडिंगला मास्क लागतोच. एन९५ किंवा एफएफपी२, आणि नियमित काम असेल तर पी१०० फिल्टरचा रबरी अर्धा मास्क, जो जास्त चांगला बसतो. दाढी असेल तर यातला कुठलाच मास्क बसत नाही. एन९५ धुवायचा नाही, त्यातल्या धाग्यांचा विद्युतभार जातो आणि गाळण्याची ताकद त्यासोबत. काम संपल्यावर पंखा चालू आहे तोवर मास्क चेहऱ्यावर ठेवा. थिनर, पॉलिश, स्प्रे यांच्या वाफेला एन९५ चा काहीच उपयोग नाही. त्याला कार्बनचं कार्ट्रिज लागतं.

केरसुणीने वर्कशॉप झाडणं म्हणजे बसलेली धूळ परत उडवणं. व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. कंप्रेसरच्या हवेने हत्यारं आणि कपडे साफ करणं तर खोलीत नकोच. फिल्टर झटकायचा असेल तर बाहेर, मास्क लावून, आणि हेपा झटकू नका, त्याच्या घड्या फाटतात, बदला. एक्झॉस्टच्या मोटरवर आणि पात्यांवर जमलेली धूळ दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून पुसा, नाहीतर मोटर तापते.

लाकडाची धूळ असलेल्या व्हॅक्यूमने लोखंड ग्राइंड करतानाच्या ठिणग्या कधीच ओढू नका. त्या पिशवीत तासभर धुमसून मग पेट घेतात. लोखंडाचं काम वेगळ्या जागी, वेगळ्या डब्यात. जवसाच्या तेलाने पुसलेली फडकी चुरगळून भुशाच्या बादलीत टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.